एक्क्याऐंशीवी ओळ

१

निवासगृहात त्याला सगळे ‘चाळणी’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याला राग आला नाही, उलट मिशीतल्या मिशीत हसू आलं. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे चाळणीला तरी कळतं. या इमारतीत बाकी कुणाला कळत होतं?

चार मजले, एकशे बारा खोल्या, प्रत्येक खोलीत एक म्हातारा नाहीतर एक म्हातारी, आणि प्रत्येक पलंगाच्या उशाशी घंटीचं एक बटण. बटण दाबलं की संगणकात एक ओळ पडायची: खोली कुठली, वाजले किती, बोट किती सेकंद टेकलं, आणि कुणी सेविका खोलीत जाऊन आली तर ती वेळ आणि तिचा क्रमांक. तळमजल्यावरच्या नोंदखोलीत बसून त्या ओळींचे तक्ते काढणं हे त्याचं काम. ओळी हजारोंनी पडत. कुणाचा चष्मा पलंगाखाली गेला, कुणाला खिडकी लावून हवी, कुणाला नुसतंच किती वाजले ते विचारायचंय. त्याच्या लेखी सगळा केर. बारा वर्षं तो हा केर काढत होता आणि बारा वर्षांत त्यात कामाचं काही सापडलं होतं असं त्याला आठवत नव्हतं.

त्या आठवड्यात मात्र केराला महत्त्व आलं. भिंतीवरचा जुना घंटीफलक मोडकळीला आला होता, आणि व्यवस्थापकांनी जो नवा मागवला तो निघाला ऐंशी खोल्यांचा. म्हणजे बत्तीस खोल्यांच्या घंट्या काढायच्या. त्या खोल्यांत सेविका सकाळ-संध्याकाळ फेरी मारतील, तेवढंच. कुठल्या बत्तीस, ते सभेत सांगायला नियम हवा होता, आणि नियम काढायला चाळणीसाहेब.

समोरच्या टेबलावर नोंदवाल्या बाई बसत. संगणक यायच्या आधी सगळं त्यांच्या हाताने वहीत लिहिलं जायचं. आता त्यांच्याकडे फक्त भेटीला येणाऱ्यांची वही उरली होती. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, “कसं ठरवणार?”

“बाई, धान्य निवडता ना घरी? तसंच.” समोरच्याला काही समजावताना तो नेहमी डोळे अर्धे मिटून घ्यायचा, ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यात वेळ कशाला घालवा. “आधी दाणे चाळायचे. मग ज्या त्या खोलीचा ढीग लावायचा. ढीग मोजायचे. मग दुसरी चाळणी लावायची, ती दाण्यांना नाही, ढिगांना. तीन महिन्यांत तीसपेक्षा कमी दाणे असलेला ढीग बाहेर. पहिल्या चाळणीला व्हेअर म्हणतात, दुसरीला हॅविंग. या धंद्यात केस पांढरे झालेली माणसं दोन्हींची गल्लत करतात.”

“आणि पहिल्या चाळणीतून काय टाकता?”

“दोन सेकंदांच्या आतलं सगळं. कुणाचं कोपर लागतं, कुणाची उशी पडते.”

बाईंनी वहीचं पान उगाच सारखं केलं. “आणि एखाद्याचे सगळेच दाणे बारीक असले तर?”

“तर त्याचा ढीगच लागत नाही. नसलेला ढीग मोजायला कोण बसलंय?”

त्याने क्वेरी, म्हणजे संगणकाला विचारायचा प्रश्न, चालवली. तीस हा आकडा त्याने आदल्या दिवशीच पुढेमागे करून बसवला होता. बरोबर ऐंशी खोल्या येत होत्या. आजही आल्या. वरपासून खालपर्यंत, मोठ्या बेरजेपासून लहानीपर्यंत, शेवटची तिसाची.

आणि तिच्याखाली आणखी एक ओळ होती. खोलीच्या रकान्यात काही नाही. बेरजेच्या रकान्यात शून्य.

२

त्याला भीतीबिती वाटली नाही. त्याला किळस आली, जशी धुतलेल्या ताटावर खरकटं दिसल्यावर येते.

कारण ती ओळ दोनदा अशक्य होती. एक तर शून्य हे तीसपेक्षा कमी, दुसऱ्या चाळणीतून ते खाली पडायलाच हवं. पण ते सोडा. मुळात शून्याचा ढीग असतच नाही. एक तरी दाणा असल्याशिवाय ढीग लागत नाही. आणि ढीग लागला नाही तर त्याची बेरीज येणार कुठून? ज्याने कधी घंटी वाजवली नाही तो बेरजेत शून्य म्हणून येत नाही. तो येतच नाही. या कामाची हीच तर शोभा होती.

कदाचित रिकामे रकाने मोजले जात असतील, तेव्हा शून्य येऊ शकतं. त्याने नीट पाहिलं. नाही, तो ओळीच मोजत होता. कदाचित कुणीतरी त्याच्या माघारी काही घुसडलं असेल. पण कोण घुसडणार? व्यवस्थापकांना ईमेल उघडून द्यावी लागायची.

त्याने तीसच्या जागी पन्नास टाकले. एकोणसाठ खोल्या आल्या, आणि खाली ती ओळ. दोनशे टाकले. सात खोल्या, आणि ती ओळ. मग दात आवळून पाच हजार टाकले. एकशे बारा खोल्यांतल्या एकाही खोलीची बेरीज तिथे पोचणं शक्य नव्हतं. पडद्यावर रकान्यांची नावं आली, खाली पांढरी मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेत ती एकटी ओळ. रिकामी खोली, शून्य.

शेवटी त्याने दुसरी चाळणी काढूनच टाकली. आता सगळे ढीग दिसायला हवेत, लहानमोठे सगळे. दिसले. फक्त ती ओळ नव्हती.

म्हणजे कुणाला गाळायला लागलं की ती यायची, आणि कुणालाच गाळलं नाही की जायची. ही गोष्ट त्याच्या मनात अशा शब्दांत आली आणि त्याला स्वतःचाच राग आला. ही काय एखाद्या म्हातारीची बडबड होती?

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. टक्.

३

“हे काय वाजलं?”

“फलक,” बाई म्हणाल्या. मान वर न करता.

जुना फलक त्याच्या पाठीमागेच होता. लाकडी चौकट, एकशे बारा बारीक दिवे, आत तारांचं जाळं. बारा वर्षं तो त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

“रोज वाजतं हे?”

“दिवसभर. तुम्ही कानात ती गाण्याची बोंडं घालून बसता म्हणून.” बाईंनी पेन खाली ठेवलं. “बटण दोन सेकंद धरलं तर वरच्या टेबलावर गुणगुण सुरू होते, सेविका उठते. त्याच्या आत सोडलं तर नुसतं हे. टक्. वर कुणाला ऐकू जात नाही. फक्त इथे.”

“दारामागे सूचना लावलीय की. ‘घंटी दोन सेकंद दाबून धरावी.’ मीच लिहिली. पण वाचेल कोण?”

“केवढ्या अक्षरात लिहिलीत?”

त्याने पडद्याकडे तोंड फिरवलं. असल्या प्रश्नांना उत्तरं देत बसलं तर माणसाने काम कधी करायचं?

टक्. जरा थांबून, टक्. जणू कुणी दारावर नखाने वाजवतंय आणि वाजवल्याबद्दल लगेच माफीही मागतंय.

“तुमच्या जुन्या वहीत, बाई,” तो म्हणाला, “असलं काय लिहायच्या तुम्ही?”

“मी उठून वर जायचे,” बाई म्हणाल्या. “लिहायला वेळ कुठे असायचा?”

त्याने एक्क्याऐंशीवी ओळ हाताने खोडली आणि ऐंशी खोल्यांची यादी वर पाठवून दिली. यंत्राचा काहीतरी दोष. यंत्र जुनं, इमारत जुनी, माणसं जुनी. त्यातल्या त्यात धड असं एकच होतं, आणि ते आता घरी जायला निघालं होतं.

४

“आईंची घंटी काढली,” सकाळी बायको म्हणाली. ती त्याच्या डब्याचं झाकण लावत होती आणि ते नीट बसत नव्हतं.

त्याची आई त्याच निवासगृहात होती. दुसरा मजला, खोली एक्कावन्न. कर्मचाऱ्याची आई म्हणून खोली लवकर मिळाली होती. तो तळमजल्यावर आणि ती दुसऱ्यावर, मध्ये अडतीस पायऱ्या. त्या अडतीस पायऱ्या तो शेवटच्या कधी चढला होता हे त्याला आठवावं लागलं असतं, म्हणून तो आठवत नसे.

“काढली कशी? यादी तर कालच संध्याकाळी पाठवलीय.”

“परवाच काढली. मी काल गेले होते ना. भिंतीवर नुसती पांढरी पट्टी मारलीय.” बायकोचा नेम होता, दर गुरुवारी आधी सासूबाईंजवळ तासभर बसायचं आणि मगच तोंडात घास घालायचा. कशासाठी धरलाय हे तिने सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. “अहो, तुमच्या यादीत त्यांची खोली आहे ना? म्हणजे घंटी राहणाऱ्यांत?”

“नाहीये. ती वाजवतच नाही.”

“वाजवतात. मी बघितलंय. दाबतात आणि चटका बसल्यासारखं बोट काढून घेतात. म्हणतात, कामात असतात गं बिचाऱ्या, कशाला त्रास.”

“मग त्याला वाजवणं म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

“काही म्हणत नाहीत. तिला लागत नाही, म्हणून ती मागत नाही. इतकं सोपं आहे. आणि उद्या लोकांनी म्हणावं, स्वतःच्या आईसाठी आकडा वाकवला? नियम म्हणजे नियम.”

बायकोने झाकण एकदाचं बसवलं. ती कधी आवाज चढवत नसे, त्यामुळे तिच्याशी भांडण जिंकल्याचं समाधानही मिळायचं नाही. “त्यांना अलीकडे उठताना चक्कर येते,” ती म्हणाली. “काल पलंगाच्या कडेला धरून उभ्या होत्या. एकट्या पडल्या तर कळवणार कशा? तुम्ही एकदा वर जाऊन या. पाच मिनिटं. मला वाटतं तुम्ही जाल.”

हे ‘मला वाटतं तुम्ही जाल’ ती तीन महिने म्हणत होती. अशा माणसांची त्याला कीव यायची. एकदा नाही म्हटलं की नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

५

वायरमन अकराच्या सुमाराला नोंदखोलीत आला. उंच, बोलघेवडा, कमरेला पिशवी. फलकातल्या तारा सोडवायला त्याला इथे यावंच लागायचं.

“साहेब, यादी मिळाली. आज सगळं उरकतो.”

“एक्कावन्नची यादीआधीच कशी काढलीस?”

वायरमन हसला. “ते होय. मोठे साहेब म्हणाले, एक खोली आधी करून बघ, किती वेळ लागतो. म्हटलं, तक्रार कोण करणार नाही? मग म्हटलं, आपल्या चाळ... आपल्या साहेबांची आई आहे की. तक्रार आली तरी घरातच येईल.” त्याने नाक पुसलं. “म्हातारी भारी हो. म्हणाली, काढा बाबा, तुमची खोटी नको. स्टूल धरून उभी राहिली माझं. मी निघताना म्हणाली, आता तो येईल ना रे? मी म्हटलं येतील, येतील.”

“कोण येईल?”

“तुम्हीच की. दुसरं कोण?”

वायरमन गेल्यावर त्याने क्वेरी उघडली. उगाच. बघायचं म्हणून.

ऐंशी खोल्या. खाली एक रिकामी ओळ.

एक्कावन्नची घंटी परवा निघाली होती, आणि काल एक ओळ आली होती. योगायोग. माणसाचं डोकं असलं जुळवाजुळवीचं काम फार आवडीने करतं, म्हणून तर तक्ते यंत्राने काढायचे असतात. तो पाणी प्यायला. अर्ध्या तासाने वायरमनचा फोन आला, पहिला मजला झाला, सहा काढल्या.

त्याने पुन्हा क्वेरी चालवली. ऐंशी खोल्यांखाली सात रिकाम्या ओळी. सात शून्यं, एकाखाली एक, पायऱ्यांसारखी.

“बाई,” तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा बारीक आला. “जरा इकडे या. इथे काय दिसतं?”

बाई आल्या, वाकून बघितलं. “ऐंशी खोल्या,” त्या म्हणाल्या.

“आणि खाली?”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. बारा वर्षांत त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. लहान मुलाचं कपाळ गरम आहे का, हे बघतात तसं. “खाली काही नाही,” त्या म्हणाल्या. “जेवून घ्या.”

६

दुपारी तीनच्या आत बत्तीसही निघाल्या. वायरमनने जुन्या फलकाची मुख्य तार ओढून काढली, नव्या पांढऱ्या डब्याला वीज जोडली, आणि जुना फलक भिंतीवरून उतरवून कोपऱ्यात टेकवून ठेवला. तारांची शेंडी जमिनीवर पडली होती. “उद्या घेऊन जातो,” म्हणाला आणि गेला.

इमारतीत ती झोपेची वेळ होती. वर पावलं नाहीत, भांडी नाहीत. खिडकीच्या पडद्यातून येणारं ऊन फरशीवर एका जागी बसून राहिलं होतं.

टक्.

कोपऱ्यातल्या फलकातून. तो उठला, जवळ गेला, तारांची शेंडी हातात घेतली. कशालाही जोडलेली नव्हती. टक्, फलक त्याच्या गुडघ्याजवळ म्हणाला. लाकूड आकसत असेल. पत्रा गार होत असेल. टक्. टक्. बत्तीस खोल्यांचा पत्रा?

तो परत येऊन बसला आणि त्याने जे बारा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. पहिली चाळणी काढली. दोन सेकंदांची अट पुसून टाकली. एकही दाणा टाकायचा नाही, सगळे घे, ढीग लाव, मोज, मोठ्यापासून लहानापर्यंत दाखव.

यादी उलटी झाली होती. ज्या खोल्या त्याने काढल्या होत्या त्या वर चढून बसल्या होत्या. सगळ्यात वर एक्कावन्न. बेरीज एक हजार चारशे सहा.

तीन महिन्यांत. दिवसाला पंधरा-सोळा वेळा.

त्याने तो ढीग फोडला, ओळ न् ओळ बघितली. अर्धा सेकंद. अर्धा सेकंद. पाऊण. पहाटेची, सकाळची, दुपारची, पुन्हा दुपारची. आपण वाजवतोय हे कळू नये इतक्या हळू कुणीतरी तीन महिने वाजवत होतं, आणि तो त्याच्याच खाली, अडतीस पायऱ्या खाली, दोन सेकंदांच्या आतलं सगळं झाडून टाकत होता.

इथे त्याला वाईट वाटायला हवं होतं. कदाचित वाटलंही असतं. पण त्याची नजर शेवटच्या दोन रकान्यांवर गेली.

सेविका खोलीत जाऊन आली की दाराजवळची कळ दाबते, आणि भेटीची वेळ आणि तिचा क्रमांक तिथे पडतो. घंटी वर ऐकूच गेली नव्हती तर कुणी जाणार कसं? तिथे भेटीची वेळ असायलाच नको होती.

प्रत्येक ओळीत होती. एक हजार चारशे सहाच्या एक हजार चारशे सहा ओळींत. घंटी वाजल्यापासून एका सेकंदाच्या आत कुणीतरी आलं होतं. आणि सेविका क्रमांकाच्या जागी काही नव्हतं. रिकामा रकाना.

ओळींचा आकडा एकने वाढला. एक हजार चारशे सात. शेवटच्या ओळीवर आजची तारीख होती, आणि वेळ भिंतीवरच्या घड्याळातली.

“बाई,” तो म्हणाला, “एक्कावन्नला भेटायला कोण कोण येतं? तुमच्या वहीत बघा.”

बाईंनी वही उघडलीसुद्धा नाही. “सूनबाई. दर गुरुवारी.”

“आणखी?”

“आणखी कुणी नाही.” त्यांनी वहीवर तळहात ठेवला. “तुमचं नाव नाहीये त्यात. म्हणजे तुमचं शून्य आहे असंही वहीत लिहिलेलं नाही. नाहीच आहे.”

७

अडतीस पायऱ्या. मोजायची सवय जात नाही.

दुसऱ्या मजल्याची ओसरी लांब आणि अरुंद होती, दोन्ही बाजूंना दारं, दारांना वरच्या अर्ध्या भागात धुरकट काचा. टोकाला सेविकांचं टेबल. तिथे एकजण हनुवटी छातीला टेकवून डुलकी काढत होती. टेबलावर घंटीची गुणगुण नव्हती. सगळं शांत, सगळं नियमाप्रमाणे. त्याला जरा धीर आला, आणि धीर आला तसा जुना तिरस्कारही आला. काय वेडेपणा चालवलाय आपण? बायकोसारखे झालो. आता आईला भेटायचं, चार शब्द बोलायचे, वायरमनला सांगून एक घंटी गुपचूप परत लावून घ्यायची, विषय संपला.

चालताना त्याला दिसलं की काही दारांपुढची फरशी झिजून पांढरी पडली आहे. उंबऱ्याबाहेर, दोन पावलांएवढी जागा. जिथे कुणी पुष्कळ वेळ नुसतं उभं राहतं. ज्या दारांपुढे ती होती त्यांचे क्रमांक त्याला पाठ होते. कालच त्याने ते यादीतून काढले होते.

एक्कावन्नच्या दारापुढे तर खोलगटच झालं होतं.

आई पलंगावर बसली होती, पाय खाली सोडून, पदर सारखा करून. कुणी येणार असल्यासारखी. ती पूर्वीपेक्षा लहान दिसत होती. उशाशी पांढरी पट्टी, चारही कोपऱ्यांत स्क्रू.

“आलास,” ती म्हणाली. तिला जराही नवल वाटलं नव्हतं.

“कशी आहेस?”

आता मात्र तिने चमकून बघितलं. “अगं बाई. आज बोललास.”

“म्हणजे?”

“रोज येतोस आणि नुसता उभा राहतोस ना दारात. मी म्हणते, ये, बस. बसत नाहीस. म्हणते, घाई आहे का रे कामाची? काही बोलत नाहीस.” तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिची बोटं गार होती आणि सारखी थरथरत होती. दोन सेकंद एका जागी टेकून राहणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं. “पण येतोस हे काय कमी आहे? मी बोट लावायची खोटी, की तू दारात. सूनबाईला सांगितलं मी, तो रोज येतो, तू उगीच काळजी करतेस. ती रडायलाच लागली. आनंदाने असेल.”

“आई,” तो म्हणाला. “मी आलो नव्हतो.”

“असू दे रे.”

“मी तीन महिन्यांत एकदाही आलो नाही. आजच आलोय.”

ती हसली, लहानपणी तो खोटं बोलला की हसायची तशी. “मग काय माझ्या डोळ्यांना दिसत नाही? हाच तुझा सदरा. हीच अशी मान तिरकी करून, अर्धे डोळे मिटून उभा राहायची तऱ्हा. जसं काही आम्ही सगळे...” शब्द तिला सापडला नाही, किंवा सापडला पण त्याला त्रास नको म्हणून तिने सोडून दिला.

टक्.

आवाज भिंतीतून आला, पांढऱ्या पट्टीच्या मागून. आईचे दोन्ही हात त्याच्या हातात होते.

त्याने दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं. धुरकट काचेपलीकडे कुणीतरी उभं होतं. खांदे, तिरकी मान, सदऱ्याचा रंग. आत यायची घाई नाही, जायचीही नाही. त्याच्यामागे आणखी कुणी होतं की ओसरीचाच अंधुक उजेड होता, ते काचेतून कळत नव्हतं. दाराची कडी हळूच खाली झाली आणि दार वीतभर उघडलं.

आईने दाराकडे बघितलं. मग त्याच्याकडे. पुन्हा दाराकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. घरात दोन पाहुणे एकदम आल्यावर बाईमाणसाची होते तशी थोडी गडबड होती. तिने त्याच्या हातातून आपले हात हळूच सोडवून घेतले.

“तो तर तिकडे आहे,” ती अगदी मायेने म्हणाली. “मग तू कोण रे, बाळा?”

सांगायला त्याच्यापाशी खूप होतं. नाव होतं, हुद्दा होता, बारा वर्षांचे तक्ते होते. दारातल्यापाशीही ते सगळं असणार. वर त्याच्यापाशी एक हजार चारशे सात भेटी होत्या.

खिडकीजवळ एक खुर्ची होती. सून दर गुरुवारी जिच्यावर बसायची ती. त्याने ती ओढली, पलंगाला अगदी खेटून ठेवली, आणि तो बसला. गुडघा आईच्या गुडघ्याला लागला. दारातला कधी बसत नाही, असं ती म्हणाली होती. तेवढा एकच फरक त्याच्या हाताशी होता.

“बसलास होय,” आई म्हणाली आणि विचार करत राहिली.

खाली घड्याळात चार वाजले असतील. सेविकांची फेरी सहाला होती. बायको पुढच्या गुरुवारी येणार होती, आणि तिला वाटतच होतं की तो वर जाईल. दारातला हलला नाही. वीतभर फटीतून तो, अर्धे डोळे मिटून, खुर्चीकडे बघत होता. आणि खुर्चीतला, दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरून, उठायचं नाही एवढंच मनाशी घोकत होता.